अक्षय तृतीयेच्या तीन खेपा

दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला भिंतीत एक खिळा आहे. त्याला सुतळीनं बांधलेली दोनशे पानी वही टांगलेली असते. आमच्या गल्लीला पाणी कधी आलं, एवढंच त्या वहीत लिहितो. तारीख, वार, किती वाजता सुटलं, किती वाजता गेलं, धार कशी होती, आणि जिनं पाहिलं तिची सही. सध्या चौथी वही चालू आहे. आधीच्या तीन वह्या मी घरी पत्र्याच्या पेटीत, लग्नातल्या शालूखाली ठेवल्यात.

माझं दुकान झेरॉक्सचं. टायपिंग, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो. तहसील आणि नगरपरिषद यांच्या मधल्या रस्त्यावर, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. शिक्षण बारावी आणि मराठी टायपिंग चाळीस. पत्रकारितेचं शिक्षण नाही, कुठल्या पेपरचं ओळखपत्र नाही. पण नगरपरिषदेच्या कारभाराबद्दल गेली चार वर्षं मी लिहितेय. त्यात एकदा मोठी चूक केली, आणि एकदा सात बायकांनी मिळून एक खोटं कागदावर पकडलं. दोन्ही सांगायचंय. आधी चूक सांगते, कारण ती नसती तर ती वही सुरूच झाली नसती.

आमच्याकडे नळाला आठव्या दिवशी पाणी येतं. उन्हाळ्यात दहाव्या, बाराव्या. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो म्हणतो, मग साठवून ठेवायचं. साठवतोच की. अंगणात तीन टिपाडं, स्वयंपाकघरात पितळी घागरी, न्हाणीत सिमेंटचा हौद, माडीवर सिंटेक्स. साठवलेल्या पाण्यात पाचव्या दिवशी अळ्या वळवळतात, आणि डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साचल्या पाण्यात वाढतो. दवाखान्याचं बिल पाणीपट्टीपेक्षा मोठं होतं. शिवाय पाणी रात्री दोनला सुटेल की पहाटे पाचला, याचा नेम नाही. म्हणजे आठवड्यातून एक रात्र घरातल्या बाईनं जागायचंच.

पूर्वी पाणी नाही आलं तर आम्ही घागरी घेऊन नगरसेवकाच्या दारात बसायचो. तो चिडायचा, पण दार उघडायचा. २०२२ च्या सुरुवातीला आमच्या नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक झाली नाही, प्रशासक बसले. राज्यातल्या कितीतरी नगरपरिषदांचं आणि मुंबईसारख्या महापालिकेचं तेच झालं. दारात बसायला दारच उरलं नाही. नगरपरिषदेत मुख्याधिकाऱ्यांकडे जावं तर "सीओसाहेब मीटिंगला गेलेत". नगरसेवक किती कामाचे होते यावर वाद घालता येईल. पण ठरावावर हात वर करणारा एक तरी माणूस सभागृहात असतो, त्याला मोल आहे. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर नगरपालिकेचे हजार रुपये घालायचं ठरलं तेव्हा विरोधात मत देणारे ते एकटे होते. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं. मत हरलं, पण नोंद राहिली. आमच्याकडे चार वर्षं विरोधात मत नोंदवायलाही कुणी नव्हतं.

तर २०२२ च्या मे महिन्यात, पाणी येऊन अकरा दिवस झालेले, मी दुपारी खालच्या गल्लीतून येत होते. तिथं व्हॉल्व्हच्या खड्ड्याजवळ लिंबाच्या सावलीत आमचा व्हॉल्व्हमन बसला होता. मामा म्हणतो आम्ही त्याला. हातात लांब लोखंडी चावी, बाजूला डबा. आणि त्या गल्लीत पाणी नाल्यातून वाहत होतं. माझ्या अंगाची लाही झाली. मी मोबाइल काढला आणि एक मिनिट चाळीस सेकंदांचा व्हिडिओ केला. मामाच्या चेहऱ्यावर कॅमेरा नेला. वर बोलले, "आमच्या घरात प्यायला घोट नाही आणि हा माणूस इथं पाणी नाल्यात सोडून जेवण करतोय. कुणाकडून पैसे घेतले, विचारा याला."

संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक ग्रुपवर तो व्हिडिओ होता. मला फोनवर फोन. ताई, धाडस केलंत. ताई, अशीच माणसं पाहिजेत. मला बरं वाटलं, हे मी लपवणार नाही. तिसऱ्या दिवशी मामाला घरी बसवलं. तो ठेकेदाराकडचा माणूस, कायम नाही. त्याला काढायला ना चौकशी लागली, ना नोटीस.

मग हळूहळू खरं कळलं. धरणावरच्या दोन मोटरींपैकी एक जळून चार दिवस झाले होते, दुरुस्तीचा कागद टेबलावर पडून होता. एका मोटरीवर सगळ्या गावाला दाब मिळत नव्हता. खालच्या गल्लीची पाइपलाइन फुटलेली, ती तीनदा कळवलेली. आणि ती लाइन चालू ठेव, असं मामाला वरून फोनवर सांगितलेलं, कारण त्याच लाइनवर पुढं एका मोठ्या माणसाचं मंगल कार्यालय होतं आणि त्या दिवशी लग्न होतं. मामाच्या हातात चावी होती, पण कुठला व्हॉल्व्ह कधी फिरवायचा हे ठरवणं त्याच्या हातात कधीच नव्हतं.

दहा-बारा दिवसांनी त्याची बायको दुकानात आली. रेशन कार्डाची झेरॉक्स पाहिजे होती. मी पैसे नको म्हटलं. तिनं दोन रुपयांचं नाणं काउंटरवर ठेवलं, बोटानं माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "ताई, तुम्ही त्यांचं तोंड दाखवलं. मोटर दाखवायची होती."

मी व्हिडिओ काढून टाकला. माझ्या हातानं टाइप करून, काय चुकलं ते लिहून, त्याच सगळ्या ग्रुपवर पाठवलं. तो मजकूर कुणी पुढं पाठवला नाही. मुख्याधिकाऱ्यांना लेखी दिलं, की माझा आरोप निराधार होता, या माणसाला कामावर घ्या. बावीस दिवसांनी त्याला परत घेतलं, पण दुसऱ्या झोनमध्ये. बावीस दिवसांची मजुरी गेली ती गेली.

कॅमेरा जवळच्याला लागतो. उन्हात उभा असलेला, ज्याचा चेहरा दिसतो, ज्याला उत्तर देता येत नाही, त्यालाच लागतो. निर्णय घेणारा माणूस एसीत, काचेआड असतो, त्याचा फोटो निघत नाही. त्याची फक्त सही निघते. आणि सही कागदावर असते. हे मला दोन रुपयांच्या त्या नाण्यानं शिकवलं.

वही त्यानंतर सुरू झाली. आधी मी एकटीच लिहायची. मग शेजारच्या वहिनी, मग कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीतल्या काकू, अशा आम्ही सात जणी झालो. नियम एकच ठेवला. डोळ्यांनी पाहिलं तेच लिहायचं. "असं म्हणतात", "कळलं" असलं काही वहीत नको. आमच्यातल्या एका आजींना घड्याळ वाचता येत नाही. त्या सांगतात, "मुक्कामी गाडी गेल्यावर सुटलं." मुक्कामी एसटी सव्वापाचला निघते. मी लिहिते: अंदाजे ५.२०, मुक्कामी गाडीनंतर. आजी अंगठा लावतात. त्यांच्या नोंदी मी तपासून पाहिल्यात, पाच-दहा मिनिटांपलीकडे फरक नसतो.

दर महिन्याला त्या नोंदींचा एक तक्ता करून मी लिहायला लागले. या महिन्यात पाणी किती वेळा आलं, दोन पाळ्यांत किती दिवस गेले, एका पाळीला किती वेळ टिकलं. रागाचा शब्द नाही. पहिल्यापहिल्यांदा कुणी वाचत नव्हतं. मग एक दिवस पाणीपुरवठ्याचे इंजिनियर दुकानात आले, त्यांना टेंडरचा नकाशा झेरॉक्स करायचा होता. जाताना म्हणाले, "तुमचा तक्ता आमच्या रजिस्टरपेक्षा बरा आहे." ते हसत म्हणाले, पण मला त्या दिवशी कळलं, की आतली माणसंही वाचतात.

माहितीचा अधिकार मी दुकानातच शिकले. तहसीलसमोर झेरॉक्सचं दुकान असलं की दिवसाला दोन-तीन तरी जोडपत्र 'अ', म्हणजे माहिती मागायचे अर्ज, टाइप करावे लागतात. हा कायदा १२ ऑक्टोबर २००५ ला, तेव्हाचं जम्मू-काश्मीर सोडून, देशभर लागू झाला, आणि महाराष्ट्रात त्याआधीच राज्याचा स्वतःचा कायदा होता, ज्याच्यासाठी अण्णा हजारे आझाद मैदानावर उपोषणाला बसले होते. लोकांना वाटतं मोठं प्रकरण आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एका विषयावर एक अर्ज, दीडशे शब्दांच्या आत. तीस दिवसांत उत्तर. पानाला दोन रुपये, म्हणजे माझ्या दुकानात जो भाव तोच. तीस दिवस उलटले तर फुकट द्यायला लागतं. दारिद्र्यरेषेखालच्याला फीच नाही.

अर्ज मात्र नीट लिहावा लागतो. माझ्याकडे लोक येतात आणि म्हणतात, "लिहा, रस्ता का खराब केला?" मी सांगते, दादा, "का" विचारलं की साहेब लिहितात, प्रश्नार्थक माहिती देता येत नाही. कागद मागा. अंदाजपत्रक मागा, कार्यारंभ आदेश मागा, मोजमाप पुस्तक मागा, ते लोक त्याला एमबी म्हणतात, त्यात किती मीटर, किती जाडी हे लिहिलेलं असतं. मग टेप घेऊन रस्त्यावर जा. कलम २ मध्ये तर कागद पाहण्याबरोबर काम पाहण्याचा आणि साहित्याचा नमुना घेण्याचाही हक्क दिलाय. सिमेंटचा नमुना मागायला आलेला माणूस मी अजून एकच पाहिला. खेड्यातली पोरं आली की त्यांना ई-ग्रामस्वराज या सरकारी साइटवर त्यांच्या ग्रामपंचायतीचा खर्च उघडून दाखवते. वित्त आयोगाच्या पैशातलं कुठलं काम, किती रक्कम, हे तिथं बसल्या जागी दिसतं. एका गावच्या पोरानं एकाच हातपंपाची दुरुस्ती तीनदा लागलेली पाहिली आणि तो पंप त्यांच्या घरामागंच होता, चार वर्षांपासून बंद. त्यानं ग्रामसभेत फक्त प्रिंट वाचून दाखवली.

आता टँकर.

२०२३ चा पावसाळा मराठवाड्याला कोरडा गेला. २०२४ च्या एप्रिलात आमचं धरण मृतसाठ्यात गेलं आणि नळ बंदच झाले. नगरपरिषदेनं ठेक्यानं टँकर लावले. टँकरचं बिल खेपेवर निघतं. जितक्या खेपा लॉगबुकात, तितके पैसे. आम्ही वहीत रकाना बदलला आणि नळाऐवजी टँकर लिहायला लागलो. टँकर गल्लीत आला किंवा चौकात उभा राहिला तरी खेप धरायची, असं ठरवलं, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की तुम्ही मोजलंच नाही.

६ मेपासून नगरपरिषदेनंच आमच्या गल्लीत नालीचं काम काढलं. गल्ली तोंडापासून शेवटपर्यंत खोदली. १९ तारखेपर्यंत सायकलसुद्धा जात नव्हती, दारातून फळी टाकून बाहेर पडायचो. १० मेला, शुक्रवारी, अक्षय तृतीया होती. आमच्याकडे त्या दिवशी पितरांच्या नावानं करा-केळी भरतात, मातीच्या छोट्या घागरी, पाण्यानं भरून वर खरबूज किंवा आंबा ठेवायचा. सासूबाई सकाळपासून केळी धुऊन बसलेल्या आणि घरात भरायला पाणी नाही. टिपाडाच्या तळाचं गढूळ पाणी पितरांना कसं द्यायचं? मी दोन जार विकत आणले. वहीत लिहिलं: "१० मे. टँकर नाही. जार २." खाली सात सह्या, कारण त्या दिवशी सगळ्याजणी तेच लिहायला आल्या होत्या.

जूनमध्ये आम्ही मे महिन्याचं टँकरचं लॉगबुक मागितलं. अर्ज माझ्या एकटीच्या नावानं नव्हता. सात जणींनी सात वेगवेगळे अर्ज दिले, प्रत्येकीनं आवक शिक्क्याची पोच घेतली. कागद लवकर येईना. तेव्हा मला २६ नोव्हेंबर २०१८ चा शासन निर्णय आठवला. दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना अभिलेख पाहायला खुले ठेवायचे, असं त्यात आहे. २४ जूनला, सोमवारी, आम्ही तिघी शासन निर्णयाची प्रत घेऊन गेलो. बाबूंनी ती दोनदा वाचली, आत गेले, बाहेर आले, आणि एक हिरव्या पुठ्ठ्याचं रजिस्टर समोर ठेवलं.

ते रजिस्टर मी कधी विसरणार नाही. मी रोज शेकडो कागद हाताळते. कागद किती हात फिरलाय हे मला स्पर्शानं कळतं. टँकरच्या केबिनमध्ये महिनाभर फिरलेलं रजिस्टर कसं असायला पाहिजे? कोपरे मुडपलेले, पानांवर ओल्या बोटांचे डाग, डिझेलचा वास, कधी निळी शाई, कधी काळी. हे रजिस्टर कोरं करकरीत. पानं एकमेकांना चिकटलेली, उलटताना आवाज येत होता. एक तारखेपासून एकतीस तारखेपर्यंत एकच निळं पेन, एकच अक्षर, एकच तिरका कल. वेळा सगळीकडं त्याच: सकाळी ८, दुपारी १२, दुपारी ४. नागरिकाची सही या रकान्यात रोज तीन वेगवेगळ्या सह्या, पण तिन्ही सह्यांतली शेवटची रेघ सारखीच खाली ओढलेली. आणि १० मेच्या ओळीवर: खेपा ३.

वहिनींनी माझा दंड धरला. मी म्हटलं, बोलायचं काही नाही, उतरवून घ्या. पाहणी करताना टिपणं काढायचा हक्क आहे. आम्ही दोन तास बसून एकतीस ओळी जशाच्या तशा उतरवल्या. घरी येऊन वह्या शेजारी ठेवल्या. लॉगबुकात आमच्या गल्लीच्या ९३ खेपा. आमच्या वहीत २९. फरक ६४. बारा हजार लिटरचा टँकर धरला तर साडेसात लाख लिटरच्या वर पाणी फक्त कागदावर आलं. खोदलेल्या चौदा दिवसांतल्याच बेचाळीस खेपा होत्या, आणि गल्ली खोदल्याची नोंद त्याच नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात होती. टँकरचं जीपीएस मागितलं तर "अभिलेखावर उपलब्ध नाही" असं लेखी उत्तर मिळालं. तेही जपून ठेवलंय.

त्या रात्री मला दोन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ आठवत राहिला. हे सगळं त्याच रात्री टाकलं असतं तर सकाळपर्यंत गाव पेटलं असतं, आणि पहिला मार टँकरच्या ड्रायव्हरला बसला असता. म्हणून थांबलो. तक्ता केला, प्रती जोडल्या, मुख्याधिकाऱ्यांना दिल्या आणि लिहिलं, की सात दिवसांत आपलं म्हणणं द्यावं, ते जसंच्या तसं छापू. सहाव्या दिवशी उत्तर आलं: लिपिकाकडून नोंद घेताना चूक झाली असण्याची शक्यता आहे, चौकशी करण्यात येईल. चौसष्ट खेपांची चूक. उत्तर जसंच्या तसं छापलं. लॉगबुकाच्या प्रती हातात आल्या तेव्हा ड्रायव्हरच्या नावावर मी काळ्या स्केचपेननं रेघ मारली आणि मगच पानं लोकांना दिली. ज्यांनी खेपा पडताळून बिलाला मान्यता दिली त्यांचं पद आणि सही मात्र उघडी ठेवली. ते त्यांचं सरकारी काम आहे, खासगी नाही.

हे इथं लिहायला पाहिजे, कारण २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं माहिती अधिकारातल्या वैयक्तिक माहितीच्या कलमात बदल केलाय. सार्वजनिक हित असेल तर माहिती द्यावी, ही त्या कलमातलीच सवलत काढली. मला भीती वाटते, की उद्या लॉगबुक मागितलं तर त्यात नावं आहेत म्हणून सगळं रजिस्टरच नाकारतील. माहिती अधिकाराचं कलम ८(२) शाबूत आहे, सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते. अर्जात ते कलम लिहीत जा. माझ्याकडे टाइप करायला येणाऱ्या प्रत्येकाला मी ती ओळ घालूनच देते.

आषाढी झाल्यावरच्या शनिवारी मारुतीच्या पारावर आम्ही दोन्ही वह्या मोठ्यानं वाचल्या. ही कल्पना माझी नाही. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेनं २ डिसेंबर १९९४ ला कोटकिराणा गावात पहिली जनसुनवाई घेतली होती. हजेरीपत्रकं, बिलं लोकांसमोर वाचायची, आणि ज्यांच्या नावावर पैसा निघाला त्यांनीच उठून सांगायचं, खरं की खोटं. माहिती अधिकाराची मागणी पुढं त्यातूनच वाढली. आम्ही तसंच केलं. एक जण लॉगबुकातली ओळ वाचायची, एक जण आमच्या वहीतली. भाषण नाही, माइक नाही. शंभरेक माणसं होती. नऊ मेपर्यंत लोक आपसात बोलत होते. "१० मे, शुक्रवार, खेपा तीन" असं वाचलं आणि आजी मागून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "त्या दिशी माझ्या मालकाच्या नावाची केळी कोरडी राहिली." पार गप्प झाला. मला पुढची ओळ वाचायला जमेना, वहिनींनी वाचली.

दुसऱ्या दिवशी दुकानात फोन आला. आवाज नम्र होता. "ताई, दुकान चांगलं चाललंय ना?" एवढंच. मालकांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. ते उगाच घाबरणारे नाहीत. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी जमिनीची प्रकरणं माहिती अधिकारातून बाहेर काढत होते, १३ जानेवारी २०१० ला सकाळी त्यांचा खून झाला. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांना ६ फेब्रुवारी २०२३ ला गाडीखाली घातलं, दुसऱ्या दिवशी ते गेले. त्यांनी ज्याच्याविरुद्ध लिहिलं होतं, त्याच माणसाला अटक झाली. ही नावं आमच्या घरात माहीत आहेत. मालक शेवटी म्हणाले, "एकटीनं जाऊ नको, आणि कागद एका जागी ठेवू नको." तेव्हापासून प्रत्येक कागदाच्या चार प्रती चार घरी असतात. आमच्यातली कुणीच नगरपरिषदेत एकटी जात नाही. लिहिलेल्या प्रत्येक मजकुराखाली सात नावं असतात. हे शौर्य नाही, खबरदारी आहे, आणि जे कुणी एकट्यानं हे काम करतात त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, एकट्यानं करू नका.

निकाल काय लागला? मे महिन्याच्या बिलातून आमच्या गल्लीच्या खेपांची रक्कम कापली. इतर गल्ल्यांची कापली नाही, कारण तिथं वही नव्हती. एका लिपिकाची टेबल बदली झाली. ज्यांनी बिलाला मान्यता दिली त्यांच्यावर काय कारवाई केली, हे विचारणाऱ्या अर्जाचं पहिलं अपील झालं, दुसरं केलंय, तारीख आलेली नाही. मला हे अपुरं वाटतं आणि राग येतो. पण २०२५ च्या उन्हाळ्यात गावात अकरा ठिकाणी वह्या टांगलेल्या होत्या. किराणा दुकानात, अंगणवाडीत, एका ठिकाणी मशिदीच्या वजूखान्याजवळ. त्या उन्हाळ्याचं लॉगबुक आम्ही पाहिलं. कोपरे मुडपलेले होते, पानांवर डाग होते, शाया वेगवेगळ्या होत्या. खेपांत तीन-चारचा फरक निघाला, एवढाच.

२ डिसेंबर २०२५ ला नगरपरिषदेच्या निवडणुका झाल्या. त्याआधी दोन पक्षांचे उमेदवार दुकानात वहीबरोबर फोटो काढायला आले. आम्ही वही दाखवली, वाचायला दिली, फोटो काढू दिला नाही. आता नगरसेवक आहेत. दार आहे. पण वही काढलेली नाही.

मामाचं राहिलं. तो परत आमच्या झोनला आला, गेल्या दिवाळीनंतर. दुकानासमोरून सायकलवर जायचा, मान वळवायचा नाही. मी हाक मारायचं धाडस केलं नाही. जानेवारीत एका रात्री शटरवर चावी आपटल्याचा आवाज आला. आम्ही दुकानाच्या वरच राहतो. खिडकीतून पाहिलं तर खाली मामा, कानाला मफलर. मला वाटलं काही झालं. तो वर न बघता म्हणाला, "सोडलंय. दोन चाळीस. मोटर एकच चालू आहे, धार बारीक राहील. लिहा."

आणि सायकल घेऊन गेला. त्यानं मला माफ केलं असं नाही, मी तसं विचारलेलंही नाही. पण आता प्रत्येक पाळीला शटर वाजतं. त्या रात्री मी खाली येऊन दिवा लावला आणि लिहिलं: २.४०, धार बारीक, मोटर एक. सहीच्या रकान्यात काय लिहावं कळेना. त्याचं नाव लिहिलं तर उद्या त्याला पुन्हा घरी बसवतील. मग माझीच सही केली.